ब्लॅक बेल्टला दिवस गेले

कराटेच्या क्लासला जाणाऱ्या बाईला दिवस गेले, की तिच्यावर पहिला हल्ला होतो तो क्लासमध्ये नव्हे, जिन्यात. तळमजल्यावरच्या काकू दबा धरून असतात. "अगं, अजून जातेस त्या हाणामारीला?" हा पहिला ठोसा. त्यातून सावरेपर्यंत पहिल्या मजल्यावरून "हात वर करू नकोस हं, बाळाच्या गळ्याला नाळ गुंडाळते" हा वार येतो. दुसऱ्या मजल्यावर घरचं दार उघडलं, की सासूबाई समोरून, आई फोनवरून, नाशिकची आत्या व्हॉट्सॲपवरून आणि 'मी काही बोलत नाही' असं म्हणून बराच वेळ बोलणारे सासरे आरामखुर्चीतून, असे चौघं एकदम चाल करून येतात. क्लासमध्ये एका वेळी एकच प्रतिस्पर्धी असतो. तो आधी वाकून नमस्कार करतो, पंचांनी थांब म्हटलं की थांबतो आणि शेवटी पुन्हा नमस्कार करून आपल्या घरी जातो. जिन्यातल्या लढतीला यातला एकही नियम लागू नाही. म्हणून मला म्हणायचंय ते एवढंच, की गरोदरपणात आणि त्यानंतरच्या वर्षभरात युद्धकलेतला खराखुरा धोका कलेत नसतो, समोरच्या माणसात असतो. तेव्हा समोरचा माणूस काढावा आणि कला ठेवावी. आपल्याकडे नेमकं उलटं करतात. कला बंद करतात आणि समोरची माणसं दुप्पट करतात.

आधी डॉक्टरांची बाजू पाहू. ती भक्कम आहे आणि ती नाकारण्यात काही शौर्य नाही. पहिले साधारण बारा आठवडे गर्भाशय कमरेच्या हाडांच्या आड असतं. पुढे ते वर सरकतं आणि पोट समोरच्याच्या लाथेच्या टप्प्यात येतं. सांध्यांचे बंध सैल पडतात, भार पुढे गेल्याने तोल बदलतो, अंगातलं रक्त ४० ते ५० टक्क्यांनी वाढतं आणि हृदयाला नुसतं बसल्या जागीसुद्धा जादा पाळी करावी लागते. शेवटच्या महिन्यांत बराच वेळ उताणं राहिलं, तर गर्भाशयाचा भार मोठ्या शिरेवर येऊन चक्कर येऊ शकते. तेव्हा कराटेतली कुमिते, म्हणजे जोडीदाराशी लढत, बंद, ज्युदोतली फेकाफेक बंद, जमिनीवरची झटापट बंद आणि कुस्ती तर बंदच. पोटाला मार बसेल किंवा पडायला होईल असे खेळ टाळा, हे अमेरिकेतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेपासून आपल्या कोपऱ्यावरच्या दवाखान्यापर्यंत सगळे एकमुखाने सांगतात. पण हेच लोक त्याच दमात आणखी एक गोष्ट सांगतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या सूचनांप्रमाणे, तब्येतीची काही अडचण नसेल तर गरोदर आणि नुकत्याच बाळंत झालेल्या बाईने आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम करावा. गंमत अशी, की या सल्ल्याचा पूर्वार्ध तेवढा घरी पोचतो. उत्तरार्ध दवाखान्याच्या पायरीवर चपला घालतानाच गळून पडतो. "काय म्हणाले डॉक्टर?" "मारामारी नको, पण व्यायाम..." "बघ! मी म्हटलं नव्हतं? डॉक्टरसुद्धा नकोच म्हणाले." वाक्यातल्या 'पण'ला आपल्या घरात मतदानाचा हक्क नसतो.

डॉक्टरी शास्त्राचं एक बरं असतं. आधार सापडला नाही, तर ते आपला नियम मागे घेतं. गरोदर बाईच्या हृदयाचे ठोके मिनिटाला १४० च्या वर जाता कामा नयेत, असा दंडक याच अमेरिकन संघटनेने १९८५ साली घातला होता. १९९४ साली तो काढून टाकला. घरगुती शास्त्रात असा रिवाज नाही. तिथे नवा नियम जुन्याच्या शेजारी येऊन बसतो आणि दोघांचं कितीही वाकडं असलं तरी एकाच तोंडात गुण्यागोविंदाने नांदतात. "आमच्या वेळी नववा लागला तरी विहिरीवरून दोन-दोन घागरी आणत होतो, पहाटे उठून जात्यावर दळत होतो, आम्हाला काही झालं नाही," असं ज्या आजी सांगतात, त्याच आजी पुढच्या श्वासात "वाकू नकोस, जिना उतरू नकोस, जोरात शिंकू नकोस" हेही सांगतात. आजींची साक्ष विरोधी पक्षाची म्हणून नोंदवली जाते. नीट वाचली तर ती माझ्याच पक्षाची आहे. उकिडवं बसून फरशी पुसली की बाळंतपण नॉर्मल होतं, हे तर घराघरांतलं जुनं वचन. आता गुडघे वाकवून, पाठ ताठ ठेवून, घोड्यावर मांड ठोकल्यासारखं उभं राहण्याला कराटेत 'किबा दाची' म्हणतात. मांड्यांना आणि कमरेला होणारा व्यायाम जवळपास त्याच जातीचा. फरक इतकाच, की किबा दाचीने फरशी स्वच्छ होत नाही, त्यामुळे तो व्यायाम घराला धोकादायक वाटतो. गरोदर बाईने घाम गाळायला कुणाची हरकत नसते. तो घाम कुणाच्या तरी उपयोगाचा असावा, एवढीच अपेक्षा असते.

समोरचा माणूस काढल्यावर मग उरतं काय, असा प्रश्न येईल. बरंच उरतं. कराटेत 'काता' नावाचा प्रकार आहे. ठरलेल्या क्रमाने, ठरलेल्या दिशांना, अदृश्य शत्रूंशी एकट्याने लढायचं. हा अदृश्य शत्रू गरोदर बाईसाठीच घडवला असावा इतका सज्जन असतो. तो कधी पोटावर मारत नाही, दम लागला तर थांबतो आणि पाचव्या महिन्यात तिची लाथ कमरेऐवजी गुडघ्यापर्यंतच गेली तर हसतही नाही. उड्या वगळायच्या, गिरक्या सावकाश घ्यायच्या, श्वास रोखायचा नाही, उकाड्यात हट्ट करायचा नाही आणि रक्तस्राव, चक्कर, दुखणं असलं काही झालं तर थेट डॉक्टरांकडे जायचं. व्यायाम बेताचा आहे की जास्त होतोय, हे ओळखायला तज्ज्ञांनी एक सोपी कसोटी दिली आहे. व्यायाम करता करता बाईला एक अख्खं वाक्य बोलता आलं पाहिजे. आपल्याकडे ही कसोटी घ्यायची ती क्लासमध्येच घ्यावी, कारण घरी तिला एक अख्खं वाक्य बोलायची संधी मिळेलच अशी खात्री देता येत नाही. कराटे परकं वाटत असेल, तर कोल्हापूरचे मर्दानी खेळ आहेत. जिला लाठी आधीपासून येते, तिने ती मोकळ्या मैदानात सावकाश फिरवावी. तिचा आणखी एक फायदा असा, की लाठी फिरत असेपर्यंत आठ हातांच्या परिघात एकही सल्लागार पाऊल टाकत नाही.

यावर पहिला आक्षेप संस्काराचा असतो. "आईने हाणामारी केली, तर बाळ कसलं निघेल?" हा आक्षेप घेणारे लोक अभिमन्यूची गोष्ट विसरलेले नसतात, किंबहुना गर्भसंस्काराच्या वर्गाची फी त्यांनी याच गोष्टीच्या भरवशावर भरलेली असते. लोकांच्या तोंडी असलेल्या त्या कथेत सुभद्रेच्या पोटातलं बाळ ऐकतं काय? अंगाई नव्हे, सितारवादन नव्हे, चक्रव्यूह! सैन्य कुठून फोडायचं, आत कसं शिरायचं, हा शुद्ध लष्करी पाठ. आणि त्या कथेचं तात्पर्य, गरोदर बाईपुढे युद्धाचा विषय काढू नये, असं कुणीच काढलेलं नाही. तात्पर्य असं, की पाठ अर्धवट ठेवू नये. सुभद्रेला झोप लागली म्हणून घोटाळा झाला. म्हणजे गर्भसंस्काराचा दाखला काटेकोरपणे मानायचा, तर गरोदर बाईने क्लास मध्येच सोडणं हाच खरा धोका ठरतो. जपानी लोक तर आपल्याही एक पाऊल पुढे गेले. इसवी सन ७२० मधल्या त्यांच्या 'निहोन शोकी' या ग्रंथात महाराणी जिंगूची कथा आहे. ही बाई पोटुशी असताना सैन्य घेऊन समुद्रापार स्वारीवर गेली आणि काम उरकेपर्यंत बाळाने यायची घाई करू नये म्हणून तिने कमरेला दगड बांधला. परत आल्यावर जन्मलेला तो मुलगा म्हणजे सम्राट ओजिन, ज्याला पुढे हाचिमान या योद्ध्यांच्या देवाचं रूप मानलं गेलं. दंतकथाच ती, दगडाच्या उपायाची शिफारस कुठलाही डॉक्टर करणार नाही. पण आईच्या लढाऊपणाने मूल बिघडतं, असं सांगणारा पुरावा पुराणांतही सापडत नाही. दोन्हीकडे बाळ झालं ते शूरच. बिघडायचं असेल तर ते पुढे दहावीत वगैरे बिघडतं आणि त्याचं खापर मोबाइलवर फुटतं.

शस्त्राचं आपल्याला वावडं आहे म्हणावं, तर तसंही नाही. डोहाळजेवणाला काय करतात ते आठवा. हिरवी साडी, फुलांचे दागिने, झोपाळा, चंद्र, होडी आणि या सगळ्याच्या जोडीला फुलांनी मढवलेला धनुष्यबाण. सातव्या महिन्यातल्या बाईला धनुष्य ताणायला लावून "अजून जरा, अजून जरा, मान वळव, हस" असं म्हणत अर्धा तास उभं ठेवणारे फोटोग्राफर गावोगाव आहेत आणि त्यांना कुणी नाळेचं भय घालत नाही. हात खांद्याच्या वर जातो, पण फोटोसाठी गेलेला हात शास्त्रात बसतो. आता हेच धनुष्य खरं असतं तर? २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये अझरबैजानची तिरंदाज यायलागुल रमाझानोवा साडेसहा महिन्यांची गरोदर होती. चिनी प्रतिस्पर्धिणीविरुद्धची तिची लढत एका बाणावर आली. तो सोडण्याआधी पोटात बाळाने लाथ मारल्याचं जाणवलं, असं तिने नंतर सांगितलं. बाण दहाच्या वर्तुळात बसला. आपल्याकडे डोहाळजेवणात पेढा की बर्फी एवढाच निकाल लागतो. जपानातली एक चालही इथे सांगण्यासारखी आहे. तिथे पाचव्या महिन्यात, पंचांगातल्या श्वानाच्या दिवशी, गरोदर बाईच्या पोटाला समारंभाने पट्टा बांधतात. कुत्रीची सुटका सोपी होते, तशी हिचीही व्हावी म्हणून. ज्या देशाने जगाला ज्युदो दिला, त्या देशात पाचवा महिना हा पट्टा बांधायचा मुहूर्त आहे. आपल्याकडे तो पट्टा काढून कपाटात ठेवायचा मुहूर्त ठरतो.

ऑलिंपिकचा दाखला दिला, की दुसरा आक्षेप दारात उभा असतो. "त्या खेळाडू, आपली सून कुठे खेळाडू आहे?" हा आक्षेप मात्र मला मान्य आहे, आणि थोडा जास्तच मान्य आहे. त्याच पॅरिसमध्ये इजिप्तची तलवारपटू नादा हाफेझ सात महिन्यांची गरोदर असताना उतरली, पहिली लढत १५-१३ अशी जिंकली, पुढची हरली आणि मग जगाला बातमी दिली. ती स्वतः वैद्यकशास्त्र शिकलेली, तिसऱ्यांदा ऑलिंपिक खेळणारी, सेबर चालवण्यात आयुष्य गेलेली. तिचं उदाहरण पाहून कुणी सातव्या महिन्यात तलवार विकत घ्यायला निघू नये. पण आपल्याकडे या उदाहरणांचा उपयोग दोनच प्रकारे होतो. बाळंतपणाआधी "त्या वेगळ्या, तू घरी बस" म्हणून, आणि बाळंतपणानंतर "त्या बघ, आणि तू अजून लोळतेस" म्हणून. मेरी कोमला २००७ साली जुळे झाले आणि २००८ साली तिने पुन्हा जगज्जेतेपद मिळवलं, हे वाक्य ज्या घरात सुनेला ऐकवलं जातं, त्या घरात मेरी कोमचा नवरा तेव्हा मुलं सांभाळत होता, हे पुढचं वाक्य सहसा ऐकवलं जात नाही. जपानची ज्युदोपटू र्‍योको तानी हिने सिडनीत माहेरच्या नावाने सुवर्ण जिंकलं, अथेन्समध्ये सासरच्या नावाने जिंकलं आणि आता आई म्हणूनही जिंकणार, असा पण करून ती २००८ साली बीजिंगला गेली. तिथे मिळालं कांस्य. आधीच्या वर्षी ती आई म्हणून जगज्जेती झाली होती, तरीही ते कांस्यच लोकांच्या लक्षात राहिलं. आईला मिळालेलं कांस्य नेहमी कुणाला तरी सुवर्णापेक्षा कमी वाटतं. घरातल्या वरणाचीही तीच गत आहे.

मग बाळ येतं. इथे माझा मुद्दा थोडा अडचणीत येतो, कारण नऊ महिने समोरचा माणूस काढायचा म्हणून धडपड केली आणि आता घरातच एक कायमचा प्रतिस्पर्धी दाखल झाला. वजन तीन किलो, अनुभव शून्य आणि आजवर हरल्याची नोंद नाही. हा कुठल्याही शाळेचा नियम मानत नाही. सुरुवातीला नमस्कार करत नाही, पंचांना जुमानत नाही, विश्रांतीच्या वेळात हल्ला करतो आणि केस धरणं हा त्याचा आवडता डाव असतो. ज्युदोत प्रतिस्पर्ध्याला २० सेकंद पाठीवर दाबून धरलं, की लढत संपते. बाळ आईच्या दंडावर डोकं ठेवून झोपलं, की ती पकड दीड तास टिकते आणि तेवढ्यात दाराची बेल वाजते. ज्युदोत सहन होईना तर तळहाताने दोनदा थापटायचं, समोरचा लगेच सोडतो. इथे थापटलं, तर समोरचा समजतो आपल्याला झोपवतायत, आणि आणखी घट्ट होतो. जिगोरो कानो यांनी १८८२ साली तोक्योत ज्युदोची शाळा काढली. तेव्हापासून आजतागायत ज्युदोच्या विद्यार्थ्याला आधी शिकवतात ते पाडणं नव्हे, पडणं. अंग चोरायचं नाही, हनुवटी छातीशी घ्यायची, पडल्यावर जमिनीला चापट मारून उठायचं. पहिल्या वर्षातल्या आईला पाडायला कुणी लागत नाही, ती नुसतीच पडत असते. रात्री दोनला, पहाटे चारला, दुपारी पोळीचा घास तोंडात असताना. ज्या बाईने वर्षानुवर्षं पडून उठायचा सराव केलाय, तिला निदान ही गोष्ट नवी नसते.

इथे सव्वा महिन्याचा पक्ष जोरात बोलू लागतो. शेक, शेगडी, डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, कानाला रुमाल आणि पोटाला घट्ट पट्टा. ही व्यवस्था ज्याने लावली त्याला बाईच्या शरीराची कळकळ होती, हे कबूल करायलाच हवं. सव्वा महिना म्हणजे सुमारे साडेपाच आठवडे, आणि डॉक्टर तपासणीला बोलावतात ते साधारण सहा आठवड्यांनी. आजी आणि डॉक्टर यांच्यात फरक उरतो तो तीन-चार दिवसांचा. भांडण आहे ते पुढच्या पायरीवर. सव्वा महिन्यानंतर आपल्याकडे बाईला एकदम स्वयंपाकघरात सोडतात, पण मैदानात मात्र 'बाळ मोठं झाल्यावर' सोडतात. शरीराला हा क्रम मान्य नाही. ओटीपोटाच्या तळाचे स्नायू नऊ महिने ओझं पेलून थकलेले असतात; त्यांना आवळायचे-सोडायचे व्यायाम आर्नल्ड केगल या डॉक्टरांनी १९४८ साली मांडले आणि ते आजही पहिला धडा आहेत. पोटाच्या मधल्या स्नायूंमध्ये फट पडलेली असते, ती भरून यायला वेळ लागतो. सिझेरियन झालं असेल तर आणखी. धावणं-उड्या मारणं तीन महिन्यांच्या आत नको, असं जाणकार फिजिओथेरपिस्ट सांगतात. म्हणजे परतीचा रस्ता असा असतो, की आधी श्वास, मग उभं राहणं, मग सावकाश काता, मग लाथ आणि सगळ्यांत शेवटी समोरचा माणूस. व्हाइट बेल्टपासून पुन्हा सगळे रंग चढायचे. यात लाज वाटण्यासारखं काही नाही. प्रेशर कुकर तिने पहिल्याच दिवशी उचलला, तेव्हा कुणी रंग विचारला नव्हता.

"पण अंगावर पिणारं बाळ टाकून?" टाकून कशाला? फ्रान्सची ज्युदोपटू क्लारिस अग्बेन्येनू हिला जून २०२२ मध्ये मुलगी झाली आणि मे २०२३ मध्ये ती दोह्यात पुन्हा जगज्जेती झाली. मधल्या काळात ती बाळाला सरावाच्या शिबिरांना घेऊन जायची, अंगावर पाजायची आणि त्यासाठी सोयी हव्यात म्हणून भांडायची. पॅरिसच्या क्रीडाग्रामात आई-बाप असलेल्या खेळाडूंसाठी पाळणाघर निघालं, ते अशा बायकांनी धरलेल्या हट्टानंतरच. ज्युदोचा अंगरखाही या बाबतीत मोठा समजूतदार आहे, पुढून उघडतो. आणि मूल पाठीशी घेऊन लढायला निघालेली बाई पाहून दचकायचं, तर तो हक्क निदान मराठी माणसाला नाही. झाशीच्या राणीचे पाठीशी मूल बांधलेले पुतळे आपण हौसेने उभारले, गॅदरिंगमध्ये मुलींच्या पाठीला बाहुल्या बांधून त्यांना टाळ्या दिल्या. खरं तर दामोदररावाला १८५३ साली दत्तक घेतलं तेव्हाच तो दुपट्यातला नव्हता. १८५८ पर्यंत तर तो चांगला शाळेत जाण्याच्या वयाचा झाला होता. एवढा मुलगा पाठीशी बांधून घोडा फेकायचा, म्हणजे कंबर काय असेल! शिल्पकारांनी त्याला कडेवरच्या वयाचा केला, कारण आपल्याला वीरांगनेच्या पाठीवर बाळच बघायला आवडतं. फक्त त्या वीरांगनेचा पत्ता आपल्या बिल्डिंगमधला असू नये. असला तर आपण चौथऱ्यापाशी जाऊन विचारतो, "एवढ्या लहान बाळाला घेऊन कुठे निघालीस, ऊन किती आहे!"

खरा आक्षेप मात्र याहून मवाळ असतो आणि म्हणूनच जास्त घातक. कुणी 'सोड' म्हणत नाही, म्हणतात, "आता राहू दे, नंतर बघू." मराठी घरात या 'नंतर'साठी वेगळी जागा असते, तिला माळा म्हणतात. तिथे एका बाईची पेटी असते, एकीचे घुंगरू असतात, एकीची टेनिसची रॅकेट असते आणि हल्ली एखादा ब्लॅक बेल्टही सापडतो. सगळ्या वस्तू 'नंतर'साठी ठेवलेल्या. दिवाळीची साफसफाई आली, की त्यांच्यावरची धूळ पुसून परत जागच्या जागी ठेवायच्या, एवढाच त्यांचा रियाज. केरळात वडकरा इथल्या मीनाक्षी अम्मा सातव्या वर्षी कळरीपयट्टू ही युद्धकला शिकू लागल्या. सत्तरी ओलांडल्यावरही त्या ती शिकवत राहिल्या आणि २०१७ साली त्यांना पद्मश्री मिळाली. एवढ्या लांब हिशोबात एका बाळंतपणाचं दीड वर्ष म्हणजे किती? मंदावण्याइतकं आहे, थांबण्याइतकं नाही. जोवर बाई आठवड्यातून दोनदा क्लासच्या चटईवर नुसती उभी राहून दहा सावकाश ठोसे हवेत मारते, तोवर ती कराटेवाली असते. घरी बसली की ती 'पूर्वी कराटे करायची' अशी होते, आणि ही पदवी एकदा लागली की कुठल्याही परीक्षेने सुटत नाही. मी स्वतः 'पूर्वी सकाळी फिरायला जायचो' या पंथाचा दीर्घकालीन सभासद असल्याने याबाबत थोडं अधिकाराने बोलू शकतो.

राहता राहिला सगळ्यांत हुकमी प्रश्न. "ती तासभर क्लासला गेली, तर बाळाकडे कोण बघणार?" हा प्रश्न विचारणाऱ्याकडे जरा निरखून पाहावं. बहुधा त्याचे दोन्ही हात मोकळे असतात आणि संध्याकाळी सहा ते सात त्याला बातम्यांखेरीज दुसरा उद्योग नसतो. उत्तर त्यातच आहे. जो विचारेल त्याने बघावं. समोरचा माणूस काढा, असं मी सुरुवातीपासून म्हणतोय. तो काढून ठेवायचा कुठे, ही अडचण होती, ती अशी आपोआप सुटते. बाळाजवळ ठेवावा. त्याला तिथे तासाभरात शिकायला भरपूर आहे. मान कशी धरायची, ढेकर कशी काढायची, पाठीवर दाब किती द्यायचा, आणि तीन किलोच्या माणसाने दंड पकडला की दुसऱ्या हाताने रिमोट कसा गाठायचा. सुरुवातीला तोही पडेल. व्हाइट बेल्टने पडायचंच असतं. नियम मात्र दोनच सांगून ठेवावेत. बाळ रडायला लागलं, की पहिल्या मिनिटाला "कधी येतेस?" असा फोन करायचा नाही. आणि फोन करायलाच हवा असं वाटलं, तर त्याआधी दुपटं ओलं आहे का ते बघायचं.